पुसू नये

हसायचं तर हसा, माझी ना न्हाई. फक्त तो चहा आधी संपवून टाका, कारण मी शेवटाला येईपर्यंत तुम्हाला तो कडू लागणार. मला तर तेव्हापासून कुठलाच चहा गोड लागलेला न्हाई.

माणसानं गाढवपणा करावा, पण त्याला काही माप? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. केदारखेड्याला. उभा जन्म पोरांना एकच सांगण्यात गेला, की बाबांनो, प्रश्न नीट वाचा, मंग उत्तर लिहा. पोरं वाचत न्हाईत, मी ओरडतो, ती परत वाचत न्हाईत. आणि मी स्वतः काय केलं? तेच तर सांगून राह्यलो.

पण आधी आमचे आबा सांगावे लागतील, त्याशिवाय माझा गाढवपणा किती मोठा ते तुम्हाला कळायचं न्हाई.

आबा, म्हणजे माझे वडील, एरवी गवंडी. आमच्या पिंपळगाव रेणुकाईत जुन्या भिंती पाहा, अर्ध्या त्यांच्या हातच्या. पण एप्रिल, म्हणजे जयंतीचा महिना, लागला की गवंडी गायब आणि गायक हजर. त्यांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, मागं ओळ उचलून धरणारे दोघं झिलकरी आणि पुढं आबा. आज भोकरदन, उद्या जाफराबाद, परवा कुठल्या तरी वस्तीवर. आवाज असा, की माइक बंद पडला तरी मागच्या माणसाला कळायचं न्हाई.

गाणी स्वतःच रचायचे, पण कागदावर एक ओळ उतरवायची न्हाई. आई म्हणायची, लिहून ठेवा. आबा म्हणायचे, डोक्यात हाय ना. बरं, डोक्यात हाय. आणि डोकंच गेलं तर मंग? गेल्या वर्षी श्रावणात आबा गेले. गाणी कुठं राह्यली? कॅसेटींत. घरच्या टेपवर घरच्या माणसांनी टेप केलेल्या, पत्र्याच्या एका पेटीत भरून ठेवलेल्या कॅसेटी.

त्यातली एक अक्काची.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शकुंतला. जालन्याला असते, नर्स होती, आता रिटायर आहे. आमच्या वस्तीत दहावी पास झालेली पहिली मुलगी ही. आबांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिच्यावर गाणंच केलं, आणि पुढच्या जयंतीला अख्ख्या गावासमोर म्हटलं. 'लेक माझी पास झाली, सांगा साऱ्या गावाला.' ही पहिली ओळ गावात लहानथोर सगळ्यांना पाठ. आणि दुसरी? दुसरी एकालाही येत न्हाई! लग्नात, बारशात कोणीतरी सुरू करतं, सगळे 'साऱ्या गावाला'पर्यंत जोरात येतात, आणि मंग ना ना ना करत एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. पुढची कडवी अक्कालाही तुटक तुटक आठवतात. तिला ते ऐकताना रडू यायचं, म्हणून तिनं कधी नीट ऐकलंच न्हाई म्हणे.

आबा गेले तेव्हाच अक्का मला म्हणाली होती, 'बाळू, वर्षाच्या कार्यक्रमाला आबांच्या आवाजात माझं गाणं लागलं पाह्यजे. माझ्या नातीला ऐकायचंय. तिला खरंच वाटत न्हाई की आजीवर कोणी गाणं केलं असेल.'

मी म्हणलो, लागलं म्हणून समज.

आणि खोटं कामून बोलू, मी कामाला लागलो. दिवाळीच्या सुट्ट्यात दुसरं काही केलं न्हाई. कुठून तरी चालू टेप मिळवला, वायर लावली, आणि एकेक कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली. मधेच पट्टी अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, परत लावायची. आमची वंदना, म्हणजे बायको, म्हणायची, एवढी सेवा जित्या आबांची केली असती तर. बराबर होतं तिचं, पण ते जाऊ द्या.

आता ही गाणी ठेवायची कुठं? जुन्या हार्डडिस्कचा काय भरोसा. ती घरघर करते, आत चकती फिरते, एक दिवस बसते. म्हणून खास आबांसाठी नवी कोरी एसएसडी आणली. एसएसडी म्हणजे आत फिरणारं काहीच न्हाई, नुसती चिप. दुकानदार म्हणला, सर, हातातून पडली तरी बिलकुल काही होत न्हाई. मी म्हणलं, मंग आबांना हीच पाह्यजे. कॉम्प्युटरच्या पोटात बसवली, सगळी गाणी तिच्यात भरली, आणि वरून बंदोबस्तही केला.

बंदोबस्त काय, ते ऐका. तुम्ही शाळेत शिकलात ना? फळ्यावर काही लिहिलं आणि ते उद्यापर्यंत ठेवायचं असलं, तर मास्तर काय करतो? त्याला खडूनं चौकट मारतो आणि कोपऱ्यात लिहितो, 'पुसू नये'. बस. पुढच्या तासाचा मास्तर कितीही खडूस असू द्या, तुमचं-त्याचं बोलणं बंद असू द्या, तो तेवढी चौकट सोडून उरलेल्या फळ्यावर लिहिणार. माझ्या अख्ख्या नोकरीत ती चौकट कोणी पुसलेली मी पाह्यली न्हाई. तर मी त्या फोल्डरला नाव दिलं, 'आबा पुसू नये'. आणि निवांत झालो.

एवढा निवांत झालो, की जयंतीच्या आधी घर झाडायला-सारवायला, रंग द्यायला काढलं, तेव्हा ती कॅसेटींची पेटी मी माझ्या हातानं भंगारवाल्याला दिली. वंदना म्हणाली, राहू द्या की कोपऱ्यात. मी म्हणलो, अगं, आता सगळं डिजिटल झालं, हा कचरा कशाला? कचरा! आणि भंगारवाल्याकडं पोतं नव्हतं तर आपल्या घरचं पोतंही दिलं. मास्तर उदार माणूस.

आता जून लागला. शाळा सुरू झाली, म्हणजे ऑनलाइन काम सुरू झालं. मास्तराला आजकाल शिकवायचं सोडून सगळं असतं. पोषण आहार भरा, हजेरी भरा, गणवेश भरा, झाड लावलं त्याचा फोटो टाका, झाड मेलं त्याचं कारण टाका. आणि माझा कॉम्प्युटर म्हातारा. एक पान उघडलं की दुसरं गप्प. बटण दाबून मी अंघोळ करून यायचो, तरी चाक फिरतंच आहे.

आमच्या शाळेत म्हस्के सर आहेत. गणिताचे, पण वेड कॉम्प्युटरचं. माझ्या मशीनवर लिनक्स त्यांनीच टाकून दिलेलं. त्यांना गाऱ्हाणं सांगितलं, तर म्हणले, तुमची रॅम भरून राह्यली, स्वॅप वाढवा.

स्वॅप म्हणजे काय? मला त्यांनी मास्तराच्या भाषेत सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो. रॅम म्हणजे वर्गातला फळा. चालू तासाचं तेवढं त्यावर. फळा भरला की मशीन त्यातलं थोडं उचलून दुसऱ्या फळ्यावर नेऊन ठेवतं, आणि लागलं की परत आणतं. हा दुसरा फळा म्हणजे स्वॅप. तो जुन्या हार्डडिस्कवर असला तर मशीन रखडतं, एसएसडीवर असला तर पळतं. रॅम वाढवायचा इलाज होता, पण माझ्या मशीनला बसणारी रॅम कुठं मिळेना.

म्हस्के म्हणले, 'तुमच्याकडं एसएसडी आहे ना? तिच्यात मोकळी जागा असली तर स्वॅपची एक फाइल करा. मी पाठवतो तसं टाइप करा. त्याच्या पलीकडं काही करू नका.'

पाठवलं त्यांनी. चांगलं लांबलचक. एकाखाली एक ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढं ती कशासाठी आहे ते मराठीत. मला म्हणाल तर कंटाळा आला. इंटरनेटवर पाह्यलं, तर तेच काम दोन ओळींत! म्हणलं, ह्या गणितवाल्यांना सगळं पायऱ्या-पायऱ्यांनी लागतं. मी दोन ओळींवालं घेतलं. असं पोरगं करतं तेव्हा मी त्याला काय म्हणतो, सांगू? कामचुकार म्हणतो. आणि बाकावर उभं करतो.

त्या दोन ओळींत डिस्कचं नाव घालायचं होतं. मी आबांच्या डिस्कचं घातलं. कारण माझं डोकं सरळ चाललं होतं, की अर्धी डिस्क रिकामी आहे, स्वॅप बसेल त्या रिकाम्या अर्ध्यात. उरलेल्या अर्ध्यावर तर चौकट मारून 'पुसू नये' लिहिलेलंच आहे. कोण पुसणार?

मशीननं मधे एक ओळ दाखवली. इंग्रजीत. सुरुवातीला 'वॉर्निंग' असं होतं. आता वॉर्निंग मला रोज येतात. केंद्रप्रमुखांची येते, गटशिक्षणाधिकाऱ्यांची येते, बायकोची येते. त्या ओळीत लिहिलं होतं, की ह्या डिस्कवर जुनं काही होतं, त्याची खूण पुसून टाकतोय. मी पूर्ण वाचली न्हाई. प्रश्न नीट वाचा, मंग उत्तर लिहा!

आणि मशीन काय पळायला लागलं हो. काय सांगू. पान म्हणता पान उघडायचं. मी हरखून गेलो. मुद्दाम सगळी पानं एकदम उघडायचो, पोषण आहार, हजेरी, गणवेश, शेजारी क्रिकेट, मधे बातम्या. शाळेतल्या मास्तरांना घरी बोलावून दाखवायचो. मंग ते त्यांचीही कामं घेऊन यायला लागले. म्हणायचे, खरात सरांचं, म्हणजे माझं, मशीन म्हणजे घोडा आहे घोडा. मी चहा पाजायचो आणि त्यांचा पोषण आहार भरून द्यायचो. तालुक्यात नाव झालं माझं.

तुम्हाला कळून राह्यलं ना, काय चाललं होतं? मला न्हाई कळलं. प्रत्येक पान उघडलं की आबांचं एखादं कडवं जात होतं, आणि मी वर फुशारकी मारत होतो.

एकदा तर वंदना भाकऱ्या करता करता म्हणाली, आबांचं एखादं गाणं लावा की, हात चालतो जल्दी. मी म्हणलो, आत्ता न्हाई, मशीन कामात आहे. गाणी काय पळून चालली का?

ती तेव्हाच चालली होती. मीच ढकलून राह्यल्तो.

जुलैच्या शेवटाला अक्काचा फोन आला. कार्यक्रमाची तयारी सुरू केली म्हणाली, माझं गाणं पेनड्राइव्हवर घालून ठेव. मी म्हणलो, तयारच आहे. फोन ठेवला, फोल्डर उघडायला गेलो. फोल्डर न्हाई. फोल्डर न्हाई तर न्हाई, डिस्कच दिसेना. मशीन बंद केलं, चालू केलं. न्हाई. परत बंद, परत चालू. न्हाई.

शहाणा माणूस तिथं थांबला असता. मी काय केलं? हरवलेल्या फाइली शोधायचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि चालू केलं. ते एवढं जड, की त्यानं रॅम भरून टाकली. रॅम भरली की मशीन कुठं जाणार? स्वॅपकडं. स्वॅप कुठं? आबांवर. म्हणजे जे हुडकत होतो त्याच्यावरच माती टाकून राह्यल्तो, आणि तेही रात्रंदिवस. मंग कुठं म्हस्के सरांना फोन केला.

म्हस्के म्हणले, 'सर, मी पाठवली तशी फाइलच केल्ती ना?'

'न्हाई. त्याच्याहून छोटं सापडलं होतं.'

'त्यात डिस्कचं नाव दिलं का?'

'दिलं. अख्ख्या डिस्कचं.'



'कधी केल्तं हे?'

'शाळा सुरू झाली तेव्हा.'

'आणि तेव्हापासून मशीन चालू आहे.'

'चालू म्हणजे काय सर, उडून राह्यलं.'

'सर,' म्हस्के म्हणले, 'आधी भिंतीतली पिन काढा.'

काढली पिन. मंग त्यांनी मला समजावून सांगितलं, हळू आवाजात, जसं नापास पोराच्या बापाला सांगतात तसं. की अख्खी डिस्क दिली तर मशीन अख्खी वापरतं, ते फोल्डर-बिल्डर बघत न्हाई. मी म्हणलो, अहो पण मी 'पुसू नये' लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, कुठं? मी म्हणलो, फोल्डरवर. म्हस्के हसले न्हाईत. हसले असते तर बरं वाटलं असतं मला.

आणि एक सांगितलं त्यांनी, ते अजून टोचतं. स्वॅपमध्ये मशीन जे लिहितं ना, ते मशीन बंद केलं की बेकार. दुसऱ्या दिवशी त्याचा काही उपयोग न्हाई. म्हणजे मी आबांना पुसून जे लिहून घेतलं, ते संध्याकाळपुरतंही कोणाच्या कामाचं नव्हतं.

भंगारवाल्याकडं गेल्तो. तो म्हणला, सर, प्लास्टिक तर तेव्हाच जालन्याला गेलं, आता त्याच्या बादल्या झाल्या असतील. आबांच्या गाण्याच्या बादल्या.

आता अक्काला सांगायचं कसं? सांगितलं असतं तर तिथंच विषय संपला असता. शिव्या खाल्ल्या असत्या, रडलो असतो, झालं असतं. पण तिचा फोन आला आणि माझ्या तोंडातून निघालं, 'अक्का, गाणं साफ करून राह्यलो. खरखर लई होती, ती काढून राह्यलो.'

अक्का एवढी खूश झाली की विचारू नका. म्हणाली, हळू कर, नीट कर, घाई न्हाई. आणि तिनं सगळ्या गोतावळ्याला सांगितलं, आमचा बाळू आबांचा आवाज धुऊन काढून राह्यला, एकदम नव्यासारखा. मंग काय! मामा परभणीहून येतो म्हणले. आबांचे ढोलकीवाले शंकरकाका अंथरुणाला खिळलेले, त्यांना जीपमध्ये गादी टाकून आणायचं ठरलं. घरचा स्पीकर पुरणार न्हाई म्हणून साउंडवाला सांगितला. फ्लेक्स केला. फ्लेक्सवर आबांचा फोटो, आणि खाली लिहिलं, 'त्यांच्याच आवाजात'. रोज एक नवी बातमी यायची आणि रोज मी म्हणायचो, हो अक्का, होत आलं.

वंदना रोज म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, उद्या सांगतो.

म्हस्के सरांनी संभाजीनगरच्या एका डाटा रिकव्हरीवाल्याचा पत्ता दिला. डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन गेलो. तो माणूस चांगला होता, पण चांगुलपणानं काय होतं? काही दिवसांनी त्यानं बोलावलं आणि म्हणला, सर, तुमचं एकही गाणं अखंड राह्यलेलं न्हाई. मी म्हणलो, असं कसं, एका कोपऱ्यात लिहिलं असेल ना मशीननं, दुसऱ्या कोपऱ्यातलं तर वाचलं असेल? तो म्हणला, तेच तर आहे. एसएसडी एका जागी झिजू नये म्हणून मशीन सगळीकडं थोडं थोडं लिहितं. डिस्कची काळजी घेतं.

डिस्क ठणठणीत आहे हो! तिला काही झालेलं न्हाई. गाण्याला गाणं ठेवलं न्हाई, पण डिस्क वाचवली.

आणि त्या भोकाभोकांत काय निघालं, माहितीये? त्यानं मला स्क्रीनवर दाखवलं. तांदूळ, मूगडाळ, तेल, उपस्थित विद्यार्थी. माझ्या शाळेचा पोषण आहार. आबांच्या गळ्यावर मी खिचडी शिजवली होती.

एवढ्या सगळ्यातून एक तुकडा निघाला. एकच. तो म्हणला, हा थोडा लांब आहे, ऐकून बघा. हेडफोन लावला. आधी पेटीचा सूर. मंग आबांनी खाकरा काढला. तोच खाकरा, घशातून वर येणारा, आम्ही लहानपणी ज्याला घाबरायचो तो. आणि लागलीच, 'लेक माझी पास झाली'. अहो, अक्काचं गाणं! मी हेडफोन काढून ठेवला. पुढं ऐकवलं न्हाई मला. दुकानात लोक होते, आणि मी लहान लेकरासारखा रडून राह्यल्तो. त्याला म्हणलो, हे पेनड्राइव्हवर घालून द्या, बस, एवढंच पाह्यजे होतं.

बाकीची गाणी गेली ती गेली, पण अक्काचं वाचलं. मी तर रस्त्यानं येताना ठरवूनच टाकलं, की आता कोणाला काही सांगायचंच न्हाई. एवढं ऐकून लोक खूश होतील, बाकीच्याचं पुढं बघू.

कार्यक्रमाच्या दिवशी पिंपळगावात दारापुढं मांडव. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं आबांवर बोलले. शंकरकाकांना गादीवर उशीला टेकवून बसवलेलं. अक्का पुढंच, नात मांडीवर. मंग अक्का माइक हातात घेऊन उभी राह्यली आणि म्हणाली, आता आबा गातील. एवढंच. मी पेनड्राइव्ह साउंडवाल्याच्या हातात दिला.

पेटी वाजली. आबांनी खाकरा काढला, तशी बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शंकरकाकांची बोटं गादीवर चालायला लागली. आणि आबांचा आवाज मांडवभर झाला, 'लेक माझी पास झाली, सांगा साऱ्या गावाला', अन् अख्खा गाव मागं म्हणायला लागला. अक्कानं नातीला घट्ट धरलं. आता दुसरी ओळ येणार, जी कोणालाच येत न्हाई, ती.

पेटी मधेच थांबली. आणि आबा गाणं सोडून बोलायला लागले.

'थांब, थांब जरा. ते यंत्र टेप करून राह्यलं का, बघा आधी. आं? बाळू, तू सरक तिथून. ह्याला नका हात लावू देऊ रे, मागं ह्यानं माझ्या अख्ख्या गाण्यावर क्रिकेटची कॉमेंट्री टेप केल्ती. शकू, तू दाब गं बटण.'

मांडव फुटला हसून. म्हातारे हसले, बायका रडता रडता हसल्या, भन्तेजीही हसले. मामा माझ्या पाठीवर थापा मारून राह्यले. सगळे माझ्याकडं बघून हसतायत, आणि म्हस्के सर मांडवाच्या खांबाला टेकून खाली बघतायत. वंदनानं डोळे मिटून घेतले.

मंग लोक गप्प झाले. गाणं सुरू व्हायची वाट बघत. स्पीकरमधून थोडा वेळ नुसतीच खरखर आली आणि तीही थांबली.

अक्का म्हणाली, 'पुढं?'

'पुढं न्हाई, अक्का.'

'न्हाई म्हणजे? कॅसेट होती की अख्खी.'

'त्यावर दुसरं टेप झालं,' मी म्हणलो. 'माझ्या हातून.'

माइक तिच्या हातातच होता, त्यामुळं सगळ्या मांडवानं ऐकलं. ह्या वेळी कोणी हसलं न्हाई. अक्का माझ्याकडं बघत राह्यली. मला वाटलं, आता चारचौघांत मुस्काटात देईल, आणि द्यायलाच पाह्यजे होती. पण ती साउंडवाल्याकडं वळली आणि म्हणाली, 'भाऊ, परत लाव.'

परत पेटी वाजली. परत खाकरा. परत तीच ओळ, ह्या वेळी मागं कोणी म्हणलं न्हाई, सगळे नुसते ऐकत होते. आबा थांबले, यंत्राचं विचारलं, मला शिव्या दिल्या. मंग म्हणाले, शकू, तू दाब गं बटण. आणि अक्का, साठीला टेकलेली माझी बहीण, माइकवर म्हणाली, 'हो आबा.'

माझ्याच्यानं बघवेना. काहीतरी करावं म्हणून उठलो, म्हणलं निदान तो पेनड्राइव्ह तरी नीट काढून अक्काच्या हातात द्यावा. साउंडवाल्याच्या मशीनकडं हात नेला, तेवढ्यात मागून वंदनानं माझं मनगट धरलं.

'तुम्ही ऱ्हाऊ द्या,' ती म्हणाली.